अंगठ्याखाली लागलेली ऊब

पहाटेचे पावणेपाच वाजले होते. पुण्याच्या रेसकोर्सजवळच्या एका तबेल्यात, पिवळ्या दिव्याच्या उजेडात सईसकाका पेंढ्यावर उकिडवे बसले होते. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. काकांनी घोड्याचा पुढचा उजवा पाय उचलला, गुडघ्यात दुमडून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि नळीच्या मागची दोरी अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली हळूहळू सरकवत नेली. मग डावा पाय. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. डाव्या पायाच्या मध्यावर त्यांचा अंगठा थबकला.

“बोराएवढ्या जागेत ऊब हाय,” ते म्हणाले. “काल राती नव्हती.”

मी हात लावून पाहिला. मला काहीच कळेना, दोन्ही पाय सारखेच वाटत होते. काकांनी माझं बोट धरून नेमक्या जागी टेकवलं. “डोळं मिटा, ताई. आन् आधी उजव्याला लावा. एका पायाला हात लावून काय कळत न्हाई. शेजारचा पाय ह्योच त्येचा तराजू.” तिसऱ्या खेपेला मला जाणवलं, की तिथली कातडी किंचित गरम आहे आणि आतली दोरी एरवीसारखी काठाकाठानं लागत नाही, जरा गुळगुळीत, भरल्यासारखी लागते.

घोडा बाहेर काढून कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवून पाहिला. तो लंगडला नाही. मान खालीवर झाली नाही, टापांचा ताल चुकला नाही. तरीही ट्रेनरनी त्याचं सकाळचं काम रद्द केलं. नवव्या दिवशी सोनोग्राफी झाली तेव्हा पांढऱ्या, एकसंध दिसायला हव्या असलेल्या दोरीच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला. आत तंतू तुटले होते. घोडा लंगडायच्या आधी ते एका माणसाच्या अंगठ्याला कळलं होतं.

हा लेख त्या ठिपक्याबद्दल आहे, आणि तो भरून यायला लागणाऱ्या वेळेबद्दलही.

घोड्याचा पाय समजून घ्यायचा तर आपला हात समोर धरावा आणि मधलं बोट सोडून बाकीची सगळी बोटं मनातल्या मनात मिटवावीत. घोडा त्या एका बोटाच्या नखावर उभा असतो. खूर म्हणजे नख. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. त्या मनगटाच्या खाली स्नायूच नाहीत. हाड आहे, कातडी आहे आणि दोऱ्या आहेत. स्नायू सगळे वर, दंडाकडे. त्यांची ओढ खुरापर्यंत पोचवायचं काम या दोऱ्या करतात. शास्त्रीय मराठीत त्यांना कंडरा म्हणतात, तबेल्यात ‘टेंडन’ किंवा नुसतं ‘नस’. गुडघ्याखालच्या हाडाच्या, म्हणजे नळीच्या, मागे कातडीला लागून असते ती वरची कंडरा. तिच्या आत खोलवरची, जी थेट खुरातल्या हाडाला जाऊन मिळते. आणि त्याही आत, हाडाला चिकटून, घोट्याला झोळीसारखा तोलून धरणारा एक बंध. बहुतेक दुखापती पुढच्या पायात होतात, कारण उभ्या घोड्याचं साठ टक्के वजन पुढं असतं. शर्यतीच्या घोड्यांत सर्वांत जास्त वेळा जखमी होते ती वरची कंडरा.

शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा असतो. भरधाव पळताना एक क्षण असा येतो की सगळा भार पुढच्या एकाच पायावर असतो, आणि तो भार त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट होतो. घोटा जवळजवळ जमिनीला टेकतो. अशा वेळी वरची कंडरा आपल्या लांबीच्या सोळा टक्क्यांपर्यंत ताणली जाते. प्रयोगशाळेत हीच कंडरा ताणत नेली तर ती बारा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान कुठंतरी तुटते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की अंगावर काटा येतो. पूल बांधणारा इंजिनीअर भाराच्या कितीतरी पट मजबुती राखून ठेवतो. इथं निसर्गानं राखीव असं काही ठेवलेलंच नाही. ठेवलं असतं तर ही दोरी जाड झाली असती, कडक झाली असती आणि घोडा घोड्यासारखा पळू शकला नसता. ती स्प्रिंगसारखी ताणली जाऊन परत येते म्हणूनच कमी श्रमात एवढा वेग मिळतो.

ताणलेली स्प्रिंग आखडताना सगळी शक्ती परत देत नाही, थोडी उष्णता होऊन आतच राहते. दौडणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात पंचेचाळीस अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलं आहे. आणि तिथली उष्णता वाहून न्यायला रक्तवाहिन्या मोजक्याच. म्हणून जखम बहुधा काठाला होत नाही, गाभ्यात होते. पाहणाऱ्याला वाटतं, एका चुकीच्या पावलात नस तुटली. प्रत्यक्षात ती कित्येक महिने आतून झिजत असते. एकेक सूक्ष्म तंतू तुटतो, दुरुस्तीला फुरसत मिळत नाही, तोवर पुढची दौड येते. घोडा साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत ही दोरी व्यायामानं घडत जाते, नंतर तिला स्वतःला फारसं बळकट करता येत नाही. वयाबरोबर फक्त झीज साठते.

भरून येते तीही पहिल्यासारखी नाही. मूळ कंडरेत कोलॅजनचे तंतू एकाच दिशेनं, बारीक लाटेसारखे लागलेले असतात. जखमेत घाईघाईनं जे विणलं जातं ते वेगळ्या प्रकारचं कोलॅजन, आडवंतिडवं आणि कमी ताणलं जाणारं. जुन्या गोधडीला जाड ठिगळ लावलं की ठिगळ टिकतं, त्याच्या कडेचं कापड फाटतं. घोड्याची दुसरी दुखापत पुष्कळदा अशीच होते: जुन्या व्रणाच्या वर किंवा खाली.

या दुखापतीचा सगळ्यात मोठा धोका कोणता, असं मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच उत्तर दिलं: ती लवकर बरी झाल्यासारखी दिसते. गरमपणा, सूज, दाबल्यावर घोड्यानं पाय मागं ओढणं, ही तिन्ही लक्षणं पहिल्या दिवसांत असतात. लंगडणं कधी असतं, कधी नसतं. असलं तरी चार-आठ दिवसांत बहुतेकदा जातं. बर्फ आणि वेदनाशामकानं सूजही ओसरते. घोडा दाराशी येऊन उभा राहतो, कान टवकारतो, तोबऱ्यासाठी खूर आपटतो. मालकाला वाटतं, झालं. पण आतल्या जखमेत तेव्हा कुठे कच्चे धागे पडायला लागलेले असतात.

मी हे आठ वर्षांची असताना पाहिलं आहे. मिरजेत आमच्या गल्लीत एक तांगेवाले चाचा होते. त्यांचा राजा नावाचा तांबडा घोडा शाळेतून येताना आम्हाला ओळखायचा. दिवाळीच्या सुट्टीत स्टेशनवर भाड्यांची रीघ लागलेली, आणि नेमका तेव्हाच राजाचा डावा पाय मागच्या बाजूनं सुजला. चाचांनी चार दिवस त्याला बांधून ठेवलं, ओली माती लावली. पाचव्या दिवशी तो सरळ चालायला लागला. चाचांनी हात जोडले आणि तांगा जुंपला. तीन आठवड्यांनी, सामान आणि सहा माणसं घेऊन चढ चढताना राजा एकदम खाली गेला. नंतर कडेनं पाहिलं तर त्याच्या नळीची मागची रेघ धनुष्यासारखी बाहेर वाकली होती. चाचांनी घाई केली असं तेव्हा मोठी माणसं म्हणत होती. पण त्या दिवसांत चाचांच्या घरात पाच मुलं होती, आणि पाच दिवसांत बरा झालेला घोडा डोळ्यांसमोर उभा होता. त्या पायाच्या आत काय चाललंय हे त्यांना सांगायला कोणी नव्हतं.

मग डाग देणारा माणूस आला. लोखंडी सळई तापवून नळीवर आडव्या रेघा ओढल्या. आम्हा मुलांना घरात कोंडलं होतं, पण आवाज कोंडता येत नाही.

डाग देण्याचा हा उपाय काही आपल्याच खेड्यांतला नव्हे. अरबस्तानापासून इंग्लंडपर्यंत शतकानुशतकं घोड्यांचे पाय डागले गेले. समजूत अशी की डागानं रक्त खेचलं जातं आणि नस घट्ट होते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी या उपायाची नीट तपासणी करून १९८३ मध्ये अहवाल दिला: डाग दिल्यानं कंडरा अधिक चांगली भरून येत नाही. मग इतक्या पिढ्यांना गुण कसा आला? डाग दिलेला घोडा काही महिने कामाला जुंपता येत नाही. त्याची कातडी जळलेली असते, त्याला उभं ठेवावंच लागतं. गुण त्या सक्तीच्या विश्रांतीचा होता. नुसती विश्रांती कोणी दिली नसती, म्हणून भाजून द्यावी लागली. हे वाचल्यावर मी बराच वेळ राजाचा विचार करत बसले. आजही जत्रांमध्ये डागलेल्या नळ्या दिसतात, आणि जळजळीत तेलं, मलमं चोळून कातडीवर फोड आणायची पद्धतही गेलेली नाही. दोन्ही थांबायला हवं. त्या वेदनेतून घोड्याला काही मिळत नाही.

मग करायचं काय? पहिल्या दिवसाचं काम साधं आहे. घोडा आहे तिथं थांबवायचा. चालवत घरी न्यायचा नाही, शक्य असेल तर गाडीत चढवून आणायचा. पायाला गार पाणी, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं, आणि हे दिवसातून अनेकदा. मग भरपूर कापूस घेऊन सारख्या दाबाची पट्टी. पट्टी कुठं सैल, कुठं घट्ट झाली तर तिनंच कंडरेवर वळ उठतो. शेजारच्या धडधाकट पायालाही पट्टी बांधायची, कारण आता जास्तीचा भार तो उचलतोय. आणि पशुवैद्याला बोलवायचं. सूज उतरवणारी, वेदना कमी करणारी औषधं त्यांनी ठरवलेल्या मात्रेतच. औषधाचं इंजेक्शन देऊन घोडा कामाला लावणं हे मला या सगळ्यातलं सर्वांत निर्दय काम वाटतं. पाय टाकू नकोस असं सांगणारा एकच आवाज त्याच्याकडे असतो, तोच आपण बंद करतो. शर्यतीच्या दिवशी अशा औषधांना मनाई असते, ती याचसाठी.

जखम दिसणारी असेल तर प्रकरण आणखी निकडीचं. काटेरी तार, पत्रा, फाळ लागून पायाच्या मागं कापतं. भोक लहान दिसतं, पण घोड्याचा घोटा नेहमीपेक्षा खाली बसला असेल किंवा खुराचं टोक वर उचललं गेलं असेल, तर आत कंडरा कापली गेली आहे. टोक वर उचललं जाणं ही खोलच्या कंडरेची खूण. आणि घोट्याजवळची बारीकशी जखम, पण घोडा पाय जमिनीला लावायलाच तयार नाही, असं असेल तर कंडरेभोवतीच्या पिशवीत पू होत असण्याची शक्यता असते. तिथं हळद भरून सकाळची वाट पाहणं म्हणजे घोडा गमावणं.

बंद जखमेची सोनोग्राफी लगेच न करता आठवडाभरानं करतात, कारण पहिल्या दिवसांत ती पसरत असते आणि खरा आकार नंतर कळतो. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. १९८० च्या दशकात हे यंत्र घोड्यांच्या पायांना लागलं, तोवर सगळा भरवसा बोटांवर होता. पडद्यावरचा काळा ठिपका राखाडी होतो, मग पांढुरका, मग त्यात उभ्या रेघा उमटू लागतात. त्या रेघा दिसेपर्यंत धीर धरायचा.

पण विश्रांती म्हणजे नुसतं बांधून ठेवणं नव्हे, आणि इथंच पुष्कळ चांगले लोकही चुकतात. तंतूंना दिशा मिळते ती थोड्याथोड्या ताणानं. म्हणून काही आठवड्यांनी हातात दोर धरून, सपाट जमिनीवर, दहा मिनिटं चालवणं सुरू होतं. मग पंधरा. मग वीस. तीन-चार महिन्यांनी पडदा होकार देईल तर थोडी दुडकी. भरधाव पळायला नऊ महिने ते वर्ष, कधी दीड वर्ष. या काळात चंदी निम्म्यावर आणावी लागते. हरभरा आणि ओट खाऊन जागेवर उभा असलेला घोडा दहा मिनिटांसाठी बाहेर निघाला की दोन पायांवर उभा राहतो, आणि चार महिन्यांची वीण एका उडीत उसवते.

नालबंदाचं नाव या कामात कोणी घेत नाही, ते घ्यायला हवं. खुराचं टोक लांब वाढू दिलं आणि टाच खचली, की प्रत्येक पावलाला खोलच्या कंडरेवर जास्तीचा ताण येतो. नाल महिना-सव्वा महिन्यानं बदलायची ती दिसायला बरी म्हणून नव्हे. टाच उंच करणारी नाल मारली की पाय बरा होतो असाही एक समज आहे. तिनं खोलच्या कंडरेला थोडा आराम मिळतो, वरच्या कंडरेला मिळत नाही. कोणती दोरी जखमी आहे हे न पाहता टाच उचलणं म्हणजे अंदाजानं औषध देणं.

नवे उपचार आले आहेत. घोड्याच्याच छातीच्या हाडातून मगज घेऊन त्यातल्या मूळपेशी वाढवायच्या आणि जखमेच्या गाभ्यात सोडायच्या, ही पद्धत लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या संशोधकांनी पुढं आणली. शर्यतीच्या ११३ घोड्यांवरच्या त्यांच्या पाहणीत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे २७ टक्के होतं, एरवीच्या उपचारांच्या मानानं बरंच कमी. पण त्यांतल्या घोड्यांनाही सुटका नव्हती ती वर्षभराच्या चालण्यातून. पेशी सोडल्यावरही तो काळ चुकत नाही.

काही घोड्यांना तो काळ मिळतो, काहींना दुसरं आयुष्य मिळतं. जपानचा किंग कामेहामेहा २००४ मध्ये तिथली डर्बी जिंकला आणि त्याच वर्षी कंडरेच्या दुखापतीनं निवृत्त झाला. पुढं तो पैदाशीचा घोडा म्हणून देशात पहिल्या क्रमांकावर पोचला. त्याच्या रक्ताला किंमत होती, म्हणून पाय गेला तरी घोडा राहिला. लग्नात नाचणाऱ्या घोडीला, बैलगाडा शर्यतीत बैलांपुढं पळणाऱ्या घोडीला, तांग्याच्या घोड्याला असं दुसरं दार नसतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत मी तीन दिवस फिरले. तापीकाठी, दत्तजयंतीला भरणारा हा घोडेबाजार पाहण्यासारखा असतो. पंचकल्याणी घोडे, मारवाडी घोड्यांचे आतल्या बाजूला वळलेले कान, ढोलावर थिरकणाऱ्या टापा. गिऱ्हाईक देवमण पाहतं, भोवरे मोजतं, दात पाहून वय ठरवतं, रेवाल चालीची परीक्षा घेतं. लाखांचे सौदे होतात. त्या तीन दिवसांत वाकून दोन्ही नळ्यांच्या मागून हात फिरवणारी माणसं मी फार थोडी पाहिली. त्यातले एक सांगोल्याकडचे म्हातारे गृहस्थ. “भोवरा नशीब सांगतो म्हणत्यात,” ते म्हणाले, “पर चालायचं तर हिच्यावरच हाय न्हवं?” आणि त्यांनी नळीवर टिचकी मारली.

माथेरानला मी शेवटी गेले. दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटारी जात नाहीत, त्यामुळे तिथं घोडा अजून हौसेपुरता उरलेला नाही. चारशेहून अधिक घोड्यांवर तिथली घरं चालतात. तिथले घोडे भरधाव पळत नाहीत, त्यांची दुखापत वेगळ्या वाटेनं येते: घसरणं, दगडात पाय मुरगळणं, दिवसभर चढउतार. लाल मातीचे रस्ते टापांना मऊ होते. पेव्हर ब्लॉक आले तेव्हा त्यांच्यावर घोडे घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. घसरताना पाय ज्या झटक्यानं सावरला जातो, तो झटका या दोऱ्याच झेलतात.

“तीन महिने घोडी बांधून ठेवायची म्हणजे चंदी चालू आणि कमाई बंद,” तिथले एक घोडेवाले दादा म्हणाले. “डॉक्टर सांगतात ते बरोबर आहे हो. पण सुट्ट्यांचे आठवडे वर्षात असे कितीसे असतात?” त्यांची पांढरी घोडी नाताळाच्या गर्दीत घसरली होती. पहिल्यांदा त्यांनीही आठ दिवसांनी तिला पुन्हा काढलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा भरला होता. आता शेजारचा भाऊबंद आपल्या दोन घोड्यांच्या फेऱ्यांतली एक यांना देतो, त्याच्यावर घर निघतं. असा आधार शेजाऱ्याच्या मनावर सोडलेला असू नये. घोड्याच्या परवान्याचा बिल्ला तपासला जातो, तेव्हा पायही तपासता येतील. आणि जखमी घोड्याच्या विश्रांतीच्या महिन्यांसाठी पर्यटकांच्या प्रवेशशुल्कातला एक वाटा बाजूला काढता येईल. घोडा फिरवून आनंद घेणाऱ्यांनी त्याच्या बसून राहण्याचाही थोडा खर्च उचलावा, एवढीच ही मागणी आहे.

संध्याकाळी दादा घोडी घेऊन निघाले तेव्हा मी सोबत गेले. पाठीवर खोगीर नव्हतं, हातात नुसता दोर. पेव्हर ब्लॉकचा रस्ता सोडून ते आतल्या मातीच्या वाटेला लागले. निघण्याआधी त्यांनी खाली बसून दोन्ही नळ्यांना हात लावला होता, आधी धडधाकट, मग दुखरी. घोडी शांत चालत होती. एका जांभळाच्या झाडापाशी ते थांबले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तिला वळवलं. साडेसात मिनिटं झाली होती, परतीची तेवढीच.

वाटेत मुंबईचं एक कुटुंब भेटलं. लहान मुलगी घोडीच्या मानेला हात लावत होती. वडिलांनी विचारलं, “रिकामी आहे का? पॉइंटपर्यंत किती घ्याल?”

दादांनी दोराला हलकी ओढ दिली. “नाही, साहेब,” ते म्हणाले आणि पुन्हा घड्याळाकडे पाहत चालू लागले.